तुम्ही विचारलंत म्हणून: स्वेटर, डुकरं आणि पत्ता

गावाकडे गेले की कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, तुम्ही सास्तूरच्या, राहता अमेरिकेत, आयोवा राज्यात. मग जपानी पाहुण्यांसाठी शनिवार-रविवार का घालवता? तुमचा काय संबंध?"

संबंध आयोवाचा आहे. १९५९ साली जपानच्या यामानाशी प्रांताला लागोपाठच्या चक्रीवादळांनी झोडपलं. शेतं आणि जनावरं गेली. जपानमध्ये अमेरिकी हवाई दलात असलेल्या रिचर्ड थॉमस या आयोवाच्या सार्जंटला वाटलं, आपल्याकडे डुकरं मुबलक आहेत, ती पाठवावीत. जानेवारी १९६० मध्ये पैदाशीची ३५ डुकरं विमानाने गेली आणि त्यांच्या खाद्यासाठी सुमारे दीड हजार टन मकाही गेला. त्याच वर्षी आयोवा आणि यामानाशी भगिनी राज्यं झाली, म्हणजे दोन्हींनी मैत्रीचं अधिकृत नातं जोडलं. अमेरिका आणि जपान यांच्यातली ही अशी पहिली जोडी. १९६२ मध्ये यामानाशीने मोठी घंटा भेट दिली. आयोवाची राजधानी डी मॉइनला, कॅपिटॉलच्या म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या आवारात ती आहे.

पण दुसरं महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, हे मी मुद्दाम सांगते. आयोवातल्या वॉटरलू गावच्या सलिव्हन कुटुंबातले पाच भाऊ एकाच युद्धनौकेवर होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ती बुडवली, पाचही गेले. आणि यामानाशीची राजधानी कोफू जुलै १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी एका रात्रीत जाळली. हजाराहून जास्त माणसं मेली. दोन्हीकडच्या घरांत गेलेल्यांच्या फोटोंवर हार असतानाच ती डुकरं निघाली होती. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

आता माझं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, भूकंपात आमचं घर बसलं. मी अकरा वर्षांची होते. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तेव्हा ट्रकमधून आलेल्या कपड्यांत मला एक निळा स्वेटर मिळाला. कॉलरच्या आत कुणा मुलीचं नाव दोऱ्याने शिवलेलं होतं. तीन हिवाळे तो घातला. तिला पत्र लिहायचं होतं. आई म्हणाली, "अगं, पत्ता कुठाय?"

त्याच वर्षी जुलैत डी मॉइनला महापूर आला होता. पाणीपुरवठा केंद्रच बुडालं आणि अडीच लाख लोकांचे नळ कोरडे पडले. तेव्हा यामानाशीहून मदतीचे पैसे आले. ३३ वर्षांनंतर! त्यांच्याकडे पत्ता होता, कारण मधल्या काळात कुणी ना कुणी पत्रं लिहीत राहिलं, पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला गेलं, आपल्या पोराची खोली आठवडाभर रिकामी करून दिली.

ते कुणीतरी म्हणजे आमच्यासारखे लोक. निवृत्त शिक्षिका, शेतकरी, एक नर्स. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला कुत्र्याची भीती वाटते, गाडीत सहा बॅगा बसतील का, अशी कामं. पगार कुणाला नाही. पाहुण्यांना ठेवून घ्यायला दर वर्षी दोन-तीन घरं कमी पडतात आणि मग मी फोन करत बसते.

एका वर्षी आमच्याकडे राहिलेल्या कोफूच्या मुलीने आजोबांची चिठ्ठी आणली होती. वर कुणाचंच नाव नव्हतं. डुकरांबद्दल आभार, एवढंच. रात्री जेवणाला आमच्यातले एक म्हातारे शेतकरी होते. १९६० साली ते शाळकरी होते. आम्ही ती त्यांच्या हातात दिली. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वरपासून खालपर्यंत सगळी चिठ्ठी पाहिली.