‘स्टार्टर नवाच आहे, फिटिंगच बदला’

हे वाक्य ट्यूबलाइटच्या दुरुस्तीवाल्याने मला ज्या थाटात ऐकवलं, तो आठवला की अजून डोकं तापतं.

छतात बसवलेली चौकोनी फिटिंग, आत १८ वॅटच्या चार आखूड ट्यूब. दोन झकास लागायच्या, दोन ढिम्म. दुरुस्तीवाल्याने दोन्ही स्टार्टर बदलले, मग ट्यूब, मग चोक, म्हणजे प्रवाह आवरणारी तारेची गुंडाळी. तरी अंधारच. चोक उघडायला मेन बंद करा म्हटलं तर तेही त्याला आवडलं नाही.

तो गेल्यावर चालू जोडीतला एक स्टार्टर काढून नव्याशेजारी धरला. दिसायला जुळे भाऊ. पण कडेला बारीक अक्षरांत चालू जोडीतल्यावर ४-२२ वॅट आणि ‘सिरीज’, नव्यावर ४-६५ वॅट. सगळी गोम तिथेच होती.

स्टार्टरच्या डबीत वायू भरलेली काचेची इवलीशी कुपी असते, तिच्यात दोन धातू जोडून केलेली पट्टी. बटण दाबलं की कुपीत मंद चमक येते, त्या उष्णतेने पट्टी वाकून समोरच्या टोकाला टेकते. मग वीज चोक आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारांमधून, म्हणजे फिलामेंटमधून, वाहते, फिलामेंट तापतात. पट्टी टेकताच चमक थांबते, म्हणून ती गार होऊन सुटते. प्रवाह असा अचानक तुटला की चोक कित्येकशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. पुढे स्टार्टरला काम नाही. काढून घेतला तरी ट्यूब पेटलेलीच राहते.

आता माझी फिटिंग. तिथे ३६ वॅटच्या एका चोकवर दोन ट्यूब एकापाठोपाठ, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेल्या. म्हणजे २३० व्होल्ट दोन स्टार्टरमध्ये वाटले जाणार, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ११५. ४-६५ वाला पूर्ण व्होल्टेजच्या भरवशावर बनवलेला असतो. अर्ध्यावर कुपीत चमकच नीट येत नाही, तर पट्टी वाकणार कशी? ट्यूब शंभर वेळा बदला! हे मी त्याला फोनवर सांगितलं तर उत्तर आलं, “स्टार्टर सगळे सारखेच असतात हो.” पुढे वाद घातला नाही. ‘सिरीज’ छापलेले दोन आणून बसवले आणि दोन्ही ट्यूब लागल्या. काढलेला चोकही ठणठणीत निघाला.

उलटंही करू नका. सिरीजचा स्टार्टर ३६ वॅटच्या एकट्या ट्यूबला लावला, तर ती पेटल्यावरही तिच्या टोकांमध्ये शंभरेक व्होल्ट असतात. तेवढ्यावर हा स्टार्टर पुन्हा जागा होतो आणि ट्यूब लुकलुकत बसते.

ट्यूबची फक्त टोकं लालसर पेटून मधला भाग काळोखात असेल, तर स्टार्टरची पट्टी चिकटलेली असते किंवा डबीत कुपीला समांतर जोडलेला छोटा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. स्टार्टर लगेच काढा, नाहीतर फिलामेंट जळून चांगली ट्यूब हकनाक जाते. टोकं काळी पडली असतील तर ट्यूबच म्हातारी झाली. तिच्याबरोबर स्टार्टरही बदला, कारण तिला पेटवायच्या खटाटोपात तोही झिजलेला असतो. इलेक्ट्रॉनिक चोक असेल तर स्टार्टर शोधत बसू नका, तिथे तो नसतोच.

दुरुस्तीवाल्याचे ते दोन स्टार्टर मी एकट्या लांब ट्यूबच्या फिटिंगना लावले. तिथे ते बिनतक्रार चालताहेत.