तरवडीचे छापखानेवाले संपादक

मुकुंदराव पाटलांवर भाषण करणारे त्यांना विचारवंत म्हणतात, सत्यशोधक म्हणतात, कोणी साहित्यिक म्हणतं. सगळं खरंच आहे. पण मी छापखान्यात वाढलेला माणूस, मला ते आधी छापखानेवाले म्हणून दिसतात. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं खेडं आहे. त्यांचं 'दीनमित्र' हे पत्र १९१० साली सुरू झालं आणि १९६७ पर्यंत चाललं, त्यातला बहुतेक काळ या खेड्यातून. वक्ते हे वाक्य एका दमात म्हणून पुढे जातात. ज्यानं कधी केसपुढे (म्हणजे अक्षरांच्या घरांच्या पेटीपुढे) उभं राहून एखादं पान जुळवलंय, त्याचा पाय मात्र तिथंच अडतो.

घराण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते इतर ठिकाणी सविस्तर मिळतं. वडील कृष्णराव भालेकर. १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढणारे ते हेच. पुढे ते पत्र नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईला नेलं. मुकुंदराव जन्मले १८८५ मध्ये, पाटलांच्या घरात दत्तक गेले, म्हणून बाप भालेकर आणि लेक पाटील. 'दीनमित्र' हे नावही नवं नव्हतं, गणपतराव पाटलांनी त्या नावाचं मासिक आधी काढलेलं होतं. १९१० मध्ये भालेकर गेले आणि त्याच साली मुलाचं पत्र सुरू झालं, आधी सोमठाण्याहून, मग तरवडीहून. सरकारनं नवा प्रेस ॲक्टही त्याच वर्षी आणला होता. छापखाना काढणाऱ्याकडून जामीन म्हणून रोख रक्कम मागायचा अधिकार त्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटला दिला. शहाण्या माणसानं त्या वर्षी दुसरा कुठलाही धंदा काढला असता.

आता छापखान्याचं.

आमच्या अण्णांचं तालुक्याच्या गावी ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायटीचे अहवाल आणि एक स्थानिक साप्ताहिक, एवढं काम. त्या साप्ताहिकाचं मी शाळेत असल्यापासून कंपोझिंग, म्हणजे अक्षरजुळणी केलीय. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरली तरी बावन्न. मराठीला काना वेगळा, मात्रा वेगळी, रफार वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी. शेकडो घरं. कुठल्या घरात काय आहे ते डोक्यात नसतं, बोटात असतं. हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे जुळणीच्या पट्टीत, ओळ उलटी जुळते, डावीकडून उजवीकडे पण आरशातल्यासारखी, आणि ती तशीच वाचायची सवय लागते. मला अजूनही दुकानाची पाटी काचेच्या आतून जास्त पटकन वाचता येते.

लहान छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, कधीच पुरेसे नसतात. आठ पानांचा मजकूर एकदम जुळवून ठेवावा एवढा टाइप घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून दोन पानं जुळवायची, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, छापायची, मग फर्मा (जुळवून आवळलेली पानं) सोडून एकेक खिळा परत आपापल्या घरात टाकायचा आणि त्याच खिळ्यांनी पुढची दोन पानं जुळवायची. म्हणजे पहिल्या पानावरचा अग्रलेख विरघळून आतल्या पानावरचे बाजारभाव व्हायचे. मध्येच एखादं अक्षर संपायचं. निवडणुकीत सगळेच उमेदवार 'विजयी करा' म्हणायचे, तेव्हा आमच्याकडचा 'ज' हमखास संपायचा. मग तात्पुरता दुसराच खिळा उलटा खोचायचा, प्रुफात तिथे काळा ठिपका उमटायचा. शेवटी कंटाळून अण्णा संपादकांना हाक मारून विचारायचे, "साहेब, हा शब्द बदलता का?" आणि ते बदलायचे. मराठी पत्रकारितेतली किती वाक्यं खिळ्याच्या टंचाईनं ठरली असतील याचा अभ्यास कुणी केलेला नाही.

हे सांगायचं कारण असं, की मुकुंदराव गावचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांवर लिहीत होते, त्यात 'कुलकर्णी' हा शब्द किती वेळा येत असेल याचा मी कंपोझिटर म्हणून विचार करतो. दोन 'क' आणि वर रफारवाला 'ण', दर परिच्छेदात. तरवडीतल्या त्या केसमधलं 'क'चं घर भरलेलं राहणं अवघडच. हा माझा अंदाज, पण धंद्यातला अंदाज.

शिवाय रूळ. मशीनला शाई लावणारे रूळ सरस आणि गूळ शिजवून ओतलेले असायचे. उन्हाळ्यात ते मऊ पडायचे, पावसाळ्यात चिकट व्हायचे. नेवाशाकडचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. कागद बाहेरून आणायचा, शाई बाहेरून, अंक टपालानं पाठवायचे, वर्गणी मनीऑर्डरीनं येईल तेव्हा येईल. त्यात दोन महायुद्धं. दुसऱ्या महायुद्धात तर छपाईच्या कागदावर नियंत्रण आलं, भल्याभल्या शहरी पत्रांनी पानं कमी केली.

आता लेखणीकडे. 'कुलकर्णी लीलामृत' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक पोथीच्या घाटात आहे, ओवीत. घरोघरी ज्या लीलामृताची पारायणं व्हायची त्याच चालीवर गावच्या कुलकर्ण्याची लीला सांगितलेली. वतनदार कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर त्याच्या हातात, शेतकरी निरक्षर, कागदावर काय लिहिलं ते वाचणारा एकटा तोच. अशा वाचकाला, खरं तर श्रोत्याला, निबंध देऊन उपयोग नव्हता. ओवी दिली तर एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि चाल ओळखीची असल्यानं पाठही होणार. ही संपादकाची अक्कल. सावकारावरही त्यांनी याच तऱ्हेनं 'शेटजी प्रताप' लिहिलं. गंमत म्हणजे ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यात ओवीचा हा दुसरा उपयोग झाला, आणि ज्ञानेश्वरांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी वतनदार होतं. मुकुंदरावांना हा योगायोग सुचला नसेल असं मला वाटत नाही.

सगळंच मला रुचतं असं नाही. त्यांची टवाळी कधी कधी एका वृत्तीवरून घसरून सरळ जातीवर जाते, आणि शंभर वर्षांनी वाचताना ते टोचतं. त्यांच्या अभिमान्यांना हे बोललेलं आवडत नाही. पण ज्याचं दप्तरच दुसऱ्याच्या हातात होतं त्यानं मवाळ भाषेत लिहायला हवं होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी त्या तशाच ठेवतो.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यातल्या पहिल्याच लेखात डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या पत्रांची नावं घेतली आहेत, त्यात 'दीनमित्र' आहे. जोडीला 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका'. या यादीतली बहुतेक पत्रं शहरातली होती, पाठीशी माणसं होती, काहींच्या पाठीशी संस्था होत्या. खुद्द 'मूकनायक' तीनेक वर्षांत बंद पडलं. तरवडीचा अंक मात्र निघत राहिला.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली, जी मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात रंजक वाटते. त्यांचे शत्रू एकेक करून कायद्यानंच निकालात निघाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले होते. मुंबई राज्यात १९४६ ला सावकारीचा कायदा आला, १९४८ ला कूळकायदा, १९५० ला परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा. १९६२ ला तर महाराष्ट्र सरकारनं मुलकी पाटलाचं पदही रद्द केलं. ज्या गावगाड्याशी भांडण्यासाठी पत्र काढलं तो गावगाडाच निदान कागदावर तरी मोडला. त्याच नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, जिल्हा परिषद आली, नवे पुढारी आले. यातले कितीतरी जण बहुजन समाजातले होते. म्हणजे 'दीनमित्र'नं जे मागितलं होतं त्यातलं बरंच मिळालं, आणि ज्यांना मिळालं त्यांना आता 'दीनमित्र'ची पूर्वीएवढी गरज उरली नाही. नव्या पुढाऱ्यांवर लीलामृत लिहायला नव्या दमाचा माणूस हवा होता. मुकुंदराव तेव्हा सत्तरी ओलांडून गेलेले.

१९६७ मध्ये ते गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. 'दीनमित्र'चं आयुष्यही तिथंच संपलं. यात नवल वाटायचं कारण नाही. शहरातल्या पत्राला संपादक बदलता येतो, कारण तिथे संपादक ही खुर्ची असते. खेड्यातल्या पत्रात संपादक, मुद्रक, प्रकाशक, वर्गणीची वही ठेवणारा आणि अंकाच्या घड्यांवर पत्ते चिकटवणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो, फार तर घरातली दोन माणसं हाताखाली. आमच्या गावच्या साप्ताहिकाचंही हेच झालं. संपादक वारले, तेराव्यानंतर त्यांच्या मुलानं अण्णांकडे येऊन शेवटचं बिल चुकतं केलं आणि उरलेला कागद लग्नपत्रिकांना वापरा म्हणाला. मुलगा नालायक होता असं मुळीच नाही. त्याला बँकेत नोकरी होती आणि बापाची दगदग त्यानं जवळून पाहिली होती.

तरवडीला मुकुंदरावांचं स्मारक आहे, तिकडून जाणं झालं तर जरूर थांबा.

आणि नगर, संभाजीनगर, बीड या पट्ट्यातल्या कुणाच्या जुन्या वाड्यात, माळ्यावरच्या ट्रंकेत 'दीनमित्र' किंवा तसल्याच एखाद्या तालुक्याच्या पत्राचा जुना अंक सापडला, तर एक विनंती. वर्तमानपत्री कागदात आम्ल असतं, तो वर्षानुवर्षं आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. घडी जोर लावून उलगडू नका, घडीवरच तुकडे पडतील. सेलोटेप नको, तिचा डिंक कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. सपाट पुठ्ठ्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता पानापानाचा फोटो काढा. पहिल्या पानावरचं वर्ष आणि अंक क्रमांक नीट येऊ द्या. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठे. १८६७ च्या कायद्यानं ती छापणं सक्तीचं होतं. लोक फोटो काढताना नेमकी तीच ओळ कापतात. ती कापू नका.