तेच जाळं पुन्हा पुन्हा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे मासेमारीचं तेच जाळं इतक्यांदा का काढत, हा प्रश्न वारली चित्रांबद्दल हमखास येतो.

वारली घरात हा प्रश्नच पडत नाही. लग्न ठरलं की सवासिणी पालघट देवीचा तोच चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, भिंतीवर नव्यानं लिहितात, पुढच्या सारवणात तो जातो, पुढच्या लग्नात परत येतो. म्हशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) याच रिवाजातले. त्यांनी जमीन, म्हणजे ज्यावर चित्र काढायचं तो पृष्ठभाग, बदलली, आणि जमीन बदलली की काढायची पद्धतही बदलावी लागते.

कुडाच्या भिंतीवर शेणमाती, वर गेरू. तांदूळ भिजवून बारीक वाटायचे, पाणी आणि किंचित डिंक घालायचा, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा. ओली रेघ जेमतेम दिसते, वाळता वाळता पांढरी होते. दिसत नाही म्हणून घाईनं परत गिरवलीत, तर थर जाड होऊन पापुद्रा सुटतो. शिवाय भिंत खडबडीत, त्यामुळे जाळ्याची बारीक वीण तिथे नीट उतरत नाही.

ती उतरते कापडावर. मांजरपाट आधी धुऊन खळ काढा, नाहीतर शेणाचा हात डागाडागांनी बसतो. शेण पातळ कालवून फडक्यातून गाळायचंच. गवताची एक काडी राहिली तरी रेघ तिथे अडखळते. कापड चौकटीवर ताणून दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकच जाड हात दिला तर तडे जातात. तांदळाचा रंग कापडाच्या घडीवर हमखास फुटतो. डिंक वाढवला तर तो कडक होऊन जास्तच फुटतो. म्हणून पांढरा पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग घ्या आणि कापड घडी न घालता गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात शेणाच्या जमिनीला बुरशी धरते, तेव्हा हवा लागू द्या.

लिनोवर, म्हणजे छाप काढण्यासाठी कोरायच्या लिनोलियमच्या पत्र्यावर, मात्र सगळं उलटं. तिथे पांढरी रेघ कोरायची, जमीन तशीच ठेवायची. वारलीला हे फार साजतं. छाप आरशासारखा उमटतो, म्हणून ट्रेसिंग उलटं करून उतरवा. जाळ्याचं घर दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवलंत, तर दोन रेघांमधला लिनोचा ठिपका कोरताना तुटून निघतो. म्हणून घरं मोठी करावी लागतात, जाळं विरळ होतं आणि त्यातले मासे अंगानं मोठे होतात.