इलेक्ट्रिक कार लीजवर घ्यावी का? माझा हिशोब

इलेक्ट्रिक घ्यायची हे घरात पक्कं झालंय, अडलंय ते विकत की लीजवर यावर. सुरुवातीला मी पण तेच केलं जे बहुतेक जण करतात, लोनचा ईएमआय एकीकडे आणि लीजचा हप्ता दुसरीकडे लिहिला, लीजचा कमी आला म्हणून लीज स्वस्त असं धरून चाललो. पण लोन फिटल्यावर गाडी आपली असते आणि लीज संपली की किल्ली परत द्यायची असते, मग हे दोन आकडे शेजारी ठेवण्यात काय अर्थ?

लीजमध्ये आपण खरं तर गाडीची घसरलेली किंमत भरतो, वर व्याज. समजा गाडी १०० ची आहे आणि कंपनीने ३ वर्षांनंतरची किंमत, म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू, ५५ धरलीय. तर ४५ आपण भरायचे. आणि व्याज फक्त त्या ४५ वर नसतं हं, उरलेले ५५ पण त्यांचेच अडकलेले असतात, त्यामुळे ८ टक्के दर धरला तर ३ वर्षांत व्याजाचेच १८-१९ होतात. म्हणून सगळा खेळ त्या ५५ वर आहे. बाजारात गाडी ४० लाच गेली तर १५ चा फटका कंपनीला, आपण सुटलो. ६५ ला गेली आणि करारात ५५ ला विकत घ्यायची सोय असेल तर आपणच घ्यायची.

इलेक्ट्रिकमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची आपोआप पडते. २०२३ मध्ये टेस्लाने किंमती कमी केल्या तेव्हा हेच झालं, आणि २०२४ च्या सुरुवातीला गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ कंपनीने सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. बॅटरीच्या भीतीने मात्र लीज घेऊ नका, बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी देतात. गाडी ८-१० वर्षं वापरणार असाल तर सरळ विकत घ्या, माझं स्पष्ट मत आहे.

मला सगळ्यात जास्त खटकली ती किलोमीटरची अट. इलेक्ट्रिकमध्ये पैसे वाचतात ते गाडी पळवली तर, एका युनिटमध्ये ६-७ किमी जाते, जितकी जास्त फिरेल तितकी बचत, आणि लीज म्हणते वर्षाला १५,००० च्या वर गेलात तर प्रत्येक किलोमीटरचा दंड! मी जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढल्या, प्रत्येकीवर किलोमीटर लिहिलेले असतात, ३ वर्षांत ५१,००० निघाले. म्हणजे ६,००० किमीचा दंड आत्ताच ठरलेला. त्यात या गाड्या वजनाला जड, टायर लवकर झिजतात, आणि गाडी परत घेताना टायरची झीज मोजतात.

जिथे चौकशी केली तिथल्या माणसाने रेसिड्युअल व्हॅल्यू विचारल्यावर तीनदा हप्ताच सांगितला. मला राग आला, कारण तो एक आकडा माहीत नसेल तर सही कशावर करायची? शनिवारी परत जातोय. १८,००० किमीचं कोटेशन, मुदतीआधी गाडी परत केली तर किती भरायचे ते आणि शेवटी विकत घ्यायची किंमत, तिन्ही लेखी मागणार आहे, नाही दिलं तर दुसरीकडे बघू.