चाळीस झबली आणि एक तांब्या

फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला समाजोपयोगी प्रकल्प असतो. बहुतेक जण कापडी पिशव्या शिवून मोकळे होतात. मी पडले इचलकरंजीची, मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे कापडातलं सगळं कळतं असा भ्रम होता. पुण्यातल्या एका रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांसाठी झबली द्यायची ठरवली.

पहिला नमुना मन लावून शिवला. फुग्याच्या बाह्या, गळ्याला लेस, पाठीवर तीन इवली बटणं. नवजात विभागातल्या सिस्टरांनी तो हातात घेतला आणि थेट उलटा केला. सुलट बाजू बघितलीच नाही. आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, बाहीपाशी सुटलेला दोरा चिमटीत धरून ओढला.

"हा बोटाला गुंडाळला गेला तर बोट काळंनिळं पडतं. आणि बटणांवर ते झोपणार कसं?"

मी गप्प. माझ्या स्केचमध्ये झबलं घालून बाळ चक्क उभं होतं!

मग त्यांनी कांगारू पद्धत समजावली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी तासन् तास धरायचं, तिच्या उबेवर ते वाढतं. 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या काचपेट्या पुरेनात, त्यातून हे सुरू झालं. बाळाच्या अंगात टोपडं, लंगोट, मोजे आणि समोरून उघडणारं बिनबाह्यांचं झबलं, बस्स. बाह्याच गेल्या म्हटल्यावर माझं अर्धं डिझाइन तिथंच संपलं.

दुसरा नमुना अंगरख्यावरून सुचला. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग अखंड एका तुकड्यात, बगलेत शिवणच नाही. फक्त खांदे जोडायचे, तेही शिवण बाहेर ठेवून. कडांना त्याच कापडाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, आणि गाठ छातीवर टोचू नये म्हणून बंद कुशीला. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात मीटरला नऊ बसली. दीड किलोच्या आसपासच्या बाळाचं डोकं साधारण 28 सेंटीमीटर घेराचं असतं. त्या मापाचा पुतळा कुठून आणणार? घरातला छोटा तांब्या पालथा घातला आणि टोपडी त्याच्यावर बसवून बघितली.

पहिली अठरा झबली नेली आणि आठवड्यात परत आली. धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून 24 सेंटीमीटरची उंची 22 वर आली होती. चूक शंभर टक्के माझी. माझ्या गावात सायझिंगला, म्हणजे विणण्याआधी ताठ करायला, सूत खळीत घालतात ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मी मलमल न धुताच कापली होती. रडू आलं, कारण पट्ट्या हातानं तुरपल्या होत्या.

सुट्टीत घरी गेले तर आज्जी म्हणाली, "कोऱ्या कापडाचं घालतात व्हय गं लेकराला? तुझी झबली माझ्या जुन्या लुगड्याची होती." रुग्णालयाला जुनं कापड चालत नव्हतं. मग दोघींनी नवी मलमल गरम पाण्यातून तीनदा काढली. तिनं बादलीतलं गढूळ पाणी दाखवत, "बघ तुझी फॅशन" असं दोनदा ऐकवलं. नमुन्याचा एक तुकडा जाळीवर ठेवून प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवला. कुकरच्या आत साधारण 120 अंश होतात, म्हणजे रुग्णालयातल्या वाफेच्या जवळपास. तुकडा बाहेर काढून टेप लावला, तसूभरही आटला नव्हता. आई मात्र कुकर दोनदा घासून घेईपर्यंत वरणाला हात लावेना.

चाळीस झबली पुरी झाली. कॉलेजात परीक्षकांचा शेरा: नीटनेटकं, पण कल्पकता कमी. चिडले. बगलेत शिवण नसलेलं झबलं त्यांनी उलटं करून बघितलंच नव्हतं. आकसलेली अठरा उसवून, त्यांचे तुकडे गोधडीसारखे धावदोऱ्यानं जोडून मी एक जाकीट शिवलं होतं, त्याला मात्र सगळ्यांनी वा वा केली.

सिस्टरांनी चाळीसही मोजून घेतली, चारपाच उलटी करून दोरे तपासले. एकही निघाला नाही. "आता किलोभराच्या बाळांसाठी पण दे," म्हणाल्या. त्यांच्या डोक्याचा घेर 25 च्या आसपास. तांब्या मोठा होतो. आज्जीला फोन करून तिचं पितळी फुलपात्र मागवलंय.