डेट्रॉइटची भाऊबंदकी

डेट्रॉइटला येणारा प्रवासी हेन्री फोर्डचे नाव घेऊन येतो आणि बहुधा तेवढेच नाव घेऊन परत जातो. शहरदर्शनाच्या ज्या बसमध्ये आम्ही बसलो होतो, तिच्यातील वाटाड्याने तर मोटारीचा सगळा इतिहास एकट्या फोर्डच्या पदरात घातला. तिकिटाच्या पैशांपेक्षाही मला याचा अधिक राग आला, कारण हे शहर उभे राहिले ते एकमेकांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या, एकमेकांचे भागभांडवल बाळगणाऱ्या आणि पुढे एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या माणसांमुळे. शेजारच्या डिअरबॉर्न गावातले फोर्डच्या नावाचे भव्य संग्रहालय पाहिले आणि पायांचे तुकडे पडले, यापलीकडे त्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही नाही.

खरा आनंद मिळाला तो पिकेट अव्हेन्यूवरील फोर्डच्या १९०४ सालच्या तीन मजली विटांच्या कारखान्यात. न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांच्या धर्तीवर बांधलेली ही लांबलचक, अरुंद आणि खिडक्यांनी भरलेली इमारत पाहताच परळ-लालबागच्या गिरण्या डोळ्यांसमोर येतात. आत लाकडी जमीन आहे आणि तिच्यावर जुन्या तेलाचे काळे डाग अजून दिसतात. तिसऱ्या मजल्याच्या एका कोपऱ्यात फळ्यांची भिंत घालून केलेली छोटी खोली पुन्हा उभारून ठेवली आहे. या खोलीत जोसेफ गलांब हा हंगेरियन तंत्रज्ञ फळ्यावर खडूने आकृत्या काढी आणि फोर्ड आपल्या आईच्या झुलत्या खुर्चीत बसून त्या पाही. त्यातूनच १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ ही गाडी बाहेर आली. गाडी एका कामगाराकडून पुढच्याकडे नेणारा सरकता पट्टा येथे नव्हताच. तो पुढे हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली आला, आणि येथे मात्र गाडी जागच्या जागी उभी राही व कामगार तिच्याभोवती फिरत.

या खोलीसमोर उभा असताना मला सतत आठवत होते ते डॉज बंधू. १९०३ साली फोर्डची कंपनी निघाली तेव्हा तिच्या गाड्यांची इंजिने, गिअरबॉक्स आणि आस जॉन व होरेस डॉज यांच्या वर्कशॉपमधून येत, आणि त्या बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा त्यांच्याकडे होता. १९१४ साली त्यांनी स्वतःच्या नावाची गाडी काढली आणि तिच्यासाठी लागणारा पैसा बराचसा फोर्डच्याच लाभांशातून येऊ लागला. आपल्याच नफ्यावर प्रतिस्पर्धी पोसला जातो आहे हे फोर्डला सहन होण्यासारखे नव्हते; त्याने १९१६ साली विशेष लाभांश बंद केला आणि हा पैसा कारखाना वाढवण्यासाठी व गाडी स्वस्त करण्यासाठी हवा आहे असे सांगितले. डॉज बंधू कोर्टात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ साली, कंपनी मुख्यतः भागधारकांच्या फायद्यासाठी चालवायची असते, असे फोर्डला बजावून सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरचा लाभांश वाटायला लावला. त्याच वर्षी फोर्डने सगळ्यांचे हिस्से विकत घेतले, त्यात डॉज बंधूंना अडीच कोटी डॉलर मिळाले, आणि पुढच्याच वर्षी दोघेही भाऊ वारले. गाडी स्वस्त करण्याचा फोर्डचा हेतू मला खरा वाटतो, पण भागीदाराची रसद तोडण्याचा हेतूही तितकाच खरा वाटतो.

इंजिने बनवणाऱ्या हेन्री लेलँडची गोष्ट तर याहून बोचरी आहे. १९०२ साली फोर्ड आपल्याच नावाच्या आधीच्या एका कंपनीतून बाहेर पडला, तेव्हा तिचे सामान विकून टाकण्यासाठी किंमत ठरवायला तिच्यात पैसे गुंतवणाऱ्यांनी लेलँडला बोलावले. त्याने कंपनी विकण्याऐवजी आपले इंजिन पुढे केले आणि त्यातून कॅडिलॅक ही मोटार कंपनी जन्मली. पुढे लेलँडनेच काढलेली लिंकन ही मोटार कंपनी बुडाली आणि १९२२ साली फोर्डने ती ऐंशी लाख डॉलरना घेतली. काही महिन्यांतच लेलँड पितापुत्रांना बाहेरची वाट दाखवण्यात आली.

पिकेटहून चालत वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर गेलो. थंडी होती, रस्ते सुने होते, आणि पायी फिरणाऱ्याची या शहराला मुळीच पर्वा नाही असे माझे मत झाले. तेथील प्रचंड इमारत फोर्डची प्रतिस्पर्धी मोटार कंपनी जनरल मोटर्सच्या विल्यम ड्युरंटने स्वतःच्या नावाने बांधायला घेतली होती. हा तोच ड्युरंट, ज्याने १९०९ साली फोर्ड कंपनी विकत घेण्याचा घाट घातला होता. फोर्डने ऐंशी लाख डॉलर मागितले आणि बँकांनी ड्युरंटला कर्ज नाकारले. १९१० साली त्याला जनरल मोटर्सबाहेर काढले, तेव्हा त्याने शेवरोले या दुसऱ्या मोटार कंपनीच्या जोरावर ती १९१६ साली परत मिळवली, आणि १९२० साली पुन्हा गमावली. त्यामुळे इमारत पुरी झाली ती जनरल मोटर्सच्या नावाने. दर्शनी भागावर कोरलेले इंग्रजी ‘डी’ हे अक्षर मात्र अजून तसेच आहे. आता तेथे मिशिगन राज्याची सरकारी कार्यालये आहेत, आणि इमारतीला नाव आहे कॅडिलॅक प्लेस.