शाळा जाळणाऱ्यांना सगळं कळत होतं

फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं हे आपल्या पुण्यात बऱ्याच जणांना माहीत असतं. पण सुटल्यावर त्या गुलामांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारतच नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं मेम्फिस शहर, मे १८६६. गोऱ्यांचा जमाव, त्यात चक्क पोलीस आणि आगीच्या बंबावरचे लोकपण, तीन दिवस काळ्यांच्या वस्त्यांमध्ये धुडगूस घालत होता. ४६ काळी माणसं मेली, ९० च्या आसपास घरं जळाली, शिवाय ४ चर्च आणि १२ शाळा. शिक्षा एकालाही नाही.

आता घरं लुटतात, दंगलीत तेच होतं (समर्थन नाही हां). पण शाळा का? फळ्यात न् बाकड्यात लुटण्यासारखं असतं तरी काय?

तर आधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहावाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. सुटल्यावर तीच माणसं परत मळ्यावर, पण आता करार करून, आणि ज्याला वाचता येतं तो करारात काय लिहिलंय ते बघणार, मजुरीचा हिशोब मागणार, मालकाचं डोकं फिरणारच की. चर्च तर त्याहून डेंजर, रविवारी प्रार्थना, बाकीच्या दिवशी तिथंच शाळा, रात्री मीटिंगा, मत कुणाला द्यायचं तेपण तिथंच ठरायचं. एक इमारत पेटवली की सगळं एका झटक्यात बंद. अडाणीपणातून झालं हे असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं, उलट शिक्षणाने काय होतं हे त्यांना फार नीट कळलं होतं.

उत्तरेतून शिकवायला आलेल्या गोऱ्या बायकांना गावात खोली कोणी देईना. इथं आपल्याला सावित्रीबाईंच्या अंगावरचं शेण आठवतंच, पण तिकडं प्रकरण फारच पुढं गेलं. अलाबामात विल्यम ल्यूक नावाचा गोरा मास्तर रेल्वेवरच्या काळ्या मजुरांना शिकवायचा, त्याला जुलै १८७० मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीच्या लोकांनी ४ काळ्या माणसांसोबत फासावर चढवलं. आधी बायकोला पत्र लिहू दिलं, केवढे ते उपकार!

आणि मेम्फिसमध्ये जळालेली लिंकन चॅपल ही शाळा १८६७ मध्ये परत बांधून सुरू झाली, १५० पोरं आणि ६ शिक्षक. तिचंच पुढे लेमॉइन-ओवेन कॉलेज झालं.